वाळूच्या बादलीतलं काडतूस

खांद्यावर बंदूक असली की माणूस कुणाला भीत नसेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी आनंदा हुबाल्यांना त्या अकरा महिन्यांत बघायला हवं होतं. बारा बोरची दुनळी बंदूक, इस्त्रीचा खाकी शर्ट, टोकं वर वळवलेल्या मिशा, फौजेत सतरा वर्षं काढलेली ताठ पाठ. आणि एवढा गडी भीत होता कशाला, तर बोटभर लांबीच्या एका लाल काडतुसाला. तेही न फुटलेल्या.

आनंदा मूळचे सांगलीकडचे, शिराळ्याच्या बाजूचे. फौजेतून घरी आल्यावर बंदुकीचा परवाना काढला, आणि परवाना असणाऱ्याला नोकरी हमखास म्हणून बोईसरला आले. त्यालाही आता अठरा वर्षं झाली. शेजारच्या सरावलीत भाड्याची खोली, पुढे पत्र्याची पडवी, बायको दमयंती. मुलगी वैभवी लग्न होऊन पुण्याला गेलेली. आधी एटीएमची गाडी, मग एका बँकेचं दार, आणि आता छप्पन्नाव्या वर्षी एका बंद कंपनीची राखण. गावाकडे त्यांना अजून 'मेजर' म्हणत. ते शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार म्हणून बाहेर पडले, हे गावाला माहीत होतं. पण शिराळ्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

कंपनी कापड रंगवायची होती. चार वर्षांपूर्वी बंद पडली, बँकेने सील ठोकलं. आत गंजलेली यंत्रं, छताला लोंबणारी वटवाघळं, आणि भिंतींतून अजून शिल्लक असलेली तांब्याची केबल. या केबलपायीच बंदूकवाला ठेवलेला. सकाळी सात ते संध्याकाळी सात आनंदा एकटे. मढं राखायचं तर निदान चार माणसं सोबत असतात, तेवढीही सोबत इथे नव्हती.

त्यांना या जागी येऊन दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. फाल्गुन चालू होता. आदल्या आठवड्यात केबल चोरायला आलेल्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावरच्या प्रदीपच्या डोक्यात सळई घातली. चौदा टाके पडले. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचा सुपरवायझर कैलास मोटारसायकलवरून आला आणि सगळा राग बंदुकीवर काढून गेला.

"फौजी, ही काय शोभेला दिलीय का? पुढच्या वेळी दिसला की उडवा. बाकी मी बघतो."

बाकी मी बघतो म्हणणारी माणसं नेमकं बाकीचंच बघत नाहीत. पण ते वाक्य आनंदांच्या डोक्यात बसलं.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला ते फेरी मारत मागच्या अंगाला गेले. दोन्ही नळ्यांत काडतुसं भरलेली. बॉयलर घराच्या पलीकडे कमरेएवढं वाळलेलं गवत होतं, त्यापुढे एक जुनं मोहाचं झाड, त्यापुढे पडक्या भिंतीचं भगदाड. गवतात खसफस झाली.

"कोण हाय तिकडं?"

खसफस थांबली. उत्तर नाही.

"कोण हाय? भायेर ये!"

काही नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यांचा स्वत:चा आवाज त्यांना ओळखू आला नाही. प्रदीपच्या डोक्याची पांढरी पट्टी डोळ्यांपुढे आली. तेवढ्यात गवतातून काहीतरी काळं वर उठलं आणि त्याच्या हातात काहीतरी लांब होतं. आनंदांनी बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

खट्.

एवढंच. दणका नाही, धूर नाही, खांद्याला धक्का नाही. आणि बंदुकीच्या टोकापुढे, वीस पावलांवर, एक बाई उभी होती. हातात काटकी, काखेत टोपली, टोपलीत पिवळसर मोहाची फुलं.

फौजेत त्यांना शिकवणारा उस्ताद हरयाणाचा होता. तो म्हणायचा, "गोली नहीं चली तो ये मत समझो कि मर गई. समझो अभी चलेगी." न फुटलेलं काडतूस उशिरा फुटू शकतं, म्हणून बंदूक उघडायची नाही, खाली ठेवायची नाही, नळीचं तोंड निर्धोक दिशेला धरायचं आणि साठ आकडे मोजायचे. पस्तीस वर्षांपूर्वी अंगात भिनवलेली ती शिकवण हातांना आपोआप आठवली. नळी त्यांनी बाईवरून झटक्यात डावीकडे, पडक्या भिंतीच्या मातीच्या ढिगाकडे फिरवली. आणि ओरडले, "हलू नगं! हाय तिथंच थांब!"

बाई हलली नाही. अर्धवट वाकलेली, टोपली काखेत दाबून, ती तशीच राहिली. आनंदा मोजत होते. एक, दोन, तीन. नळी ढिगावरून हलू दिली नाही. तिला वाटत असणार, हलले तर हा मारेल. यांना वाटत होतं, ती घाबरून या बाजूला पळाली तर मधेच येईल. साठ आकडे इतके लांब असतात हे त्यांना सीमेवर कधी कळलं नव्हतं. झाडावरून फुलं टपटप पडत होती, त्यातलं एक तिच्या डोक्यावर पडलं, तरी तिने मान हलवली नाही.

साठ झाले. आनंदांनी बंदूक मोडून उघडली, ते काडतूस हळूच काढलं आणि मातीवर आडवं ठेवलं. मग ते तिथेच बसले.

"बाबा, मी चोर नाय," बाई म्हणाली. "फुलं हायत मोहाची. आवाज दिला न्हवता मी, भ्याले. बोलले असते त तुमी हाकललं असतं."

ती नवसी. कंपनीच्या मागच्या पाड्यातली. मोहाचं झाड तिच्या आजेसासऱ्याचं, असं सगळा पाडा मानत आला होता. कागद काय मानतो ते कागदाला ठाऊक. कंपनी चालू असताना मोहाच्या दिवसांत वॉचमन मागचं फाटक उघडून द्यायचा. कंपनी बंद झाली, फाटक वेल्डिंग करून टाकलं, मग बाया भगदाडातून येऊ लागल्या. बोईसरच्या त्या कोपऱ्यात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या आनंदांना तेवढी कुणी सांगितली नव्हती, आणि त्यांनीही कुणाला विचारली नव्हती.

त्यांनी थर्मासमधला चहा तिला दिला. स्वत: घेतला नाही. ती चहा प्याली, टोपली भरून घेतली आणि गेली. जाताना म्हणाली, "दुसरा असता त गोळी घातली असती. तुमी बंदूक फिरवलीत."

आनंदांना तिथेच सांगता आलं असतं, की बाई, मी गोळी घातलीच होती. जीभ रेटली नाही. आणि वेळेला जे बोललं नाही ते नंतर बोलायचं म्हणजे दर दिवशी त्याचं वजन वाढतं.

ती गेल्यावर त्यांनी काडतूस उचलून पाहिलं. लाल अंग, पितळी बूड, बुडाच्या मधोमध तांब्याची छोटी टोपी, आणि टोपीवर पिनेचा खोल ठसा. काडतूस नऊ वर्षं जुनं. तारापूरचा खारा वारा आणि औद्योगिक वसाहतीची ओल पिऊन आत काय बिघडलं असेल देव जाणे. पण ठसा स्वच्छ होता. बंदुकीची भाषा जाणणारा कुणीही तो ठसा बघून एकच वाक्य वाचेल: चाप ओढला गेला होता.

इथून पुढे मनाला लागलं ते खरं कुलूप.

कैलासला त्यांनी फोनवर सांगितलं, पण अर्धंच. काडतूस वाजलं नाही म्हणाले. पुढे बाई होती हे गिळलं. कैलास हसला. "अहो, मग टाका की खाडीत. नाहीतर परत भरा नळीत, दाखवायला कोण बघतंय!" परत भरायचं म्हणजे कधी काळी खरंच चाप ओढायची वेळ आली तर स्वत:च्या तोंडाशी खेळ. ते शक्य नव्हतं. खाडीचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी काडतूस वाळूच्या डब्यात घालून, डबा पिशवीत घालून, रिक्षाने खाडीवर गेले. ओहोटी होती. गुडघाभर चिखलात सात-आठ बाया वाकून हाताने शिंपल्या चाचपत होत्या. बोटं चिखलात खुपसायची, जे लागेल ते ओढून काढायचं. आनंदा अर्धा तास काठावर उभे राहिले आणि पिशवी घेऊन परत आले.

भंगारात टाकावं तर बोईसरचं भंगार हातांनीच निवडलं जातं, आणि पितळ दिसलं की त्यावर हातोडा पडतोच. पुरावं तर बंद कंपनी उद्या कुणी विकत घेईल आणि जेसीबी लावेल. फोडून दारू ओतून टाकावी तर उस्तादाने ज्या शंभर गोष्टी करू नका म्हणून सांगितल्या होत्या त्यातली ती पहिली.

मग ते पोलीस ठाण्यात गेले. टेबलाशी हवालदार होता. समोर मोबाईल हरवलेल्यांची रांग. आनंदांचा नंबर आला.

"साहेब, न फुटलेलं काडतूस जमा करायचं असलं तर काय रीत हाय?"

"सोपं आहे," हवालदार म्हणाला, आणि तो खरंच नीट बोलला. "अर्ज लिहून द्यायचा. काडतूस हलवायचं नाही. आम्ही पथक बोलावतो, ते घेऊन जातात, परवानगीने नष्ट करतात. अर्जात फक्त लिहायचं, कधी चाललं नाही, कुठे, कशावर रोखलं होतं, समोर कोण होतं. कुणाचं आहे काडतूस?"

"एका पाव्हण्याचं," आनंदा म्हणाले.

"मग पाव्हण्याला पाठवा."

शिस्त चोख होती, हीच तर अडचण. समोर कोण होतं, या तीन शब्दांचं उत्तर लिहिलं की परवाना जाणार, नोकरी जाणार, कदाचित स्वत:ही आत जाणार. पण खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी ते अडले नव्हते. अर्ज दिला की पोलीस साक्षीला नवसीला बोलावणार आणि तिला कळणार. ते त्यांना सोसणार नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हे महाशय पिशवीत वाळूचा डबा घेऊन उभे.

तीन दिवस डबा सरावलीच्या खोलीत, कॉटखाली राहिला. तिसऱ्या दिवशी दमयंतीने झाडताना तो ओढून काढला आणि गॅसच्या शेगडीशेजारी ठेवला.

"अवं, ही वाळू कशापायी आणलीया?"

आनंदांनी डबा शेगडीपासून उचलला. "तुळशीला," ते म्हणाले.

"आपल्यात तुळस कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी ते डबा कंपनीत घेऊन गेले. बॉयलर घराच्या भिंतीला आगीसाठीच्या चार लाल बादल्या खुंट्यांवर टांगलेल्या होत्या, वाळूने भरलेल्या. चार वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता. तिसऱ्या बादलीत त्यांनी वितभर खोल काडतूस ठेवलं, वर वाळू सारखी केली आणि खूण म्हणून बाटलीचं एक बूच ठेवलं. सावली, कोरडी वाळू, माणसांपासून दूर. याहून निर्धोक जागा साऱ्या वसाहतीत नव्हती, अशी त्यांची खात्री झाली. फौजी माणूस एखाद्या जागेला निर्धोक म्हणाला की तिथेच माशी शिंकते.

त्या दिवसापासून बंद कंपनी राखायचं काम संपलं आणि बादली राखायचं सुरू झालं. सकाळी आल्या आल्या बूच बघायचं. दुपारी बघायचं. जाताना बघायचं. रात्रीचा माणूस फाटक सोडत नसे, आणि आठवड्याची सुट्टी आनंदांनी स्वत:च सोडून दिली. वैशाखात शिराळ्याला पुतणीचं लग्न निघालं. आनंदा गेले नाहीत. नागपंचमीला गावाकडून फोनावर फोन आले, गेले नाहीत. चार दिवस रजा घ्यायची म्हणजे बदली माणूस येणार, त्याने एखादी विडी विझवायला बादलीत हात घातला तर? दमयंती एकटीच गेली आणि परत येऊन दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या कंपनीत तुमी कुणाला ठेवलंय का?" एवढं ऐकूनही आनंदांना हसू आलं नाही, म्हणजे बघा.

नवसी अधूनमधून यायची. पावसाच्या तोंडावर शेवळांची रानभाजी घेऊन आली, श्रावणात माळावरची भाजी, भादव्यात दोन काकड्या, दिवाळीनंतर नव्या भाताचे पोहे. नवरा डहाणूकडे वीटभट्टीवर गेला की तिचं तिलाच बघायचं असे, तरी रिकाम्या हाताने यायची नाही. भगदाडाशी उभी राहून हाक मारायची, "बाबा, हाय काय?" आनंदा काकडी घ्यायचे आणि ती त्यांना गिळवायची नाही. पाड्यातली म्हातारी माणसंही आता त्यांना राम राम घालत. नवसीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाबांनी बंदूक फिरवली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे तर माणसं प्रेमाने खाऊ घालत होती आणि खवखव वाढत होती. एकदा त्यांनी धीर केला.

"नवशे, त्या दिशी..."

"जाऊ द्या बाबा, ते नका काढू," ती म्हणाली, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्यांना रात्रभर लाज वाटली.

माघ सरता सरता बँकेने कंपनी लिलावाला काढली. बघायला गिऱ्हाईक येणार म्हणून दोन दिवस आधी ठेकेदार साफसफाईला माणसं घेऊन आला. आनंदांना फाटकावरून हलायची सोय नव्हती. गाड्यांचे नंबर, बँकेचे साहेब, पाण्याचा टँकर. नाक्यावरून आणलेल्या दहा-बारा बाया टेम्पोतून उतरल्या, त्यात नवसीही होती. तिने लांबून हात केला. आनंदांनीही केला. झाडलोट पुढच्या अंगाला होणार, असं ठेकेदार म्हणाला होता.

साडेदहाच्या सुमाराला एक पोरगा रंगाचा डबा घेऊन फाटकातून आत गेला. लाल रंग.

"कशाला रे?"

"बादल्यांना. साहेब बोलले, आगीच्या बादल्या रंगवा, वाळू चाळून भरा. गिऱ्हाइकाला सेफ्टी दिसली पाहिजे."

छप्पन्न वर्षांचा माणूस किती जोरात पळू शकतो ते त्या दिवशी फाटकावरच्यांनी पाहिलं. बॉयलर घराच्या कोपऱ्याला वळले तर चारही बादल्या उन्हात उपड्या पडलेल्या. वाळूचा ढीग झालेला. आणि ढिगाशी नवसी, दोन्ही हातांत मोठी चाळण, ती डावीउजवीकडे हलवत होती. वाळू गळून गेली होती. चाळणीत उरले होते चार खडे, एक बूच, आणि त्यांच्याबरोबर इकडून तिकडे घरंगळणारं लाल काडतूस.

"हलू नगं!" आनंदा ओरडले. "हाय तिथंच थांब!"

तेच शब्द. तोच आवाज. नवसीने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती त्याच सकाळसारखी जागच्या जागी थिजली. फक्त या वेळी तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून चाळणीत गेली आणि चाळणीतून परत त्यांच्या चेहऱ्यावर आली.

आनंदांनी बाकीच्या बायांना भिंतीमागे घालवलं. मग पुढे होऊन चाळणीला खालून दोन्ही हात लावले. "आता सोड. हळू. सोड आणि जा." तिने सोडली. त्यांनी चाळण तशीच वाळूवर टेकवली, मागे सरले, आणि खिशातून फोन काढून सरळ पोलीस ठाण्याला लावला. दहा बायांनी पाहिलं होतं, लपवणं कठीणच होतं, हे खरं. पण कैलासने नंतर विचारलं तसं, "पंधरा मिनिटं थांबला असता तर आपण मिटवलं असतं ना," तेही तितकंच खरं. ते थांबले नाहीत.

कैलास पोलिसांच्या आधी पोचला. आनंदांना बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघा फौजी, टेस्टिंग म्हणायचं. महिन्याला एकदा हवेत चाचणी करतो, त्यात अडकलं. मी सही करतो. विषय संपला."

विषय खरंच संपला असता. आनंदांना ते शब्द तोंडात तयार झालेले जाणवले. किती सोपे, किती गुळगुळीत.

फौजदारबाई आल्या. पालघरहून पथक आलं. पथकातल्या माणसाने सगळ्यांना लांब केलं, पालथं पडून काडतूस नीट पाहिलं, मग वाळूच्या पेटीत ठेवलं. उठून हात झटकत म्हणाला, "टोपीला पिन लागलीय. मिसफायर आहे. कुणी चालवलं?"

सगळे आनंदांकडे बघत होते. बाया बघत होत्या. नवसी बघत होती.

"मी," आनंदा म्हणाले. "गेल्या फाल्गुनात. टेस्टिंग न्हवतं. गवतात चोर हाय समजून चाप ओढला. समोर ही बाई होती. काडतूस पेटलं न्हाय म्हणून ती वाचली. मी वाचवली न्हाय." आणि पुढे म्हणाले, "अकरा महिनं मी हे कुणाला बोललो न्हाय. बादलीत मीच लपवलं."

कैलासने कपाळावर हात मारला. फौजदारबाईंनी नवसीला विचारलं, "खरं आहे? तुला तक्रार द्यायची आहे का?"

नवसीने पदराने हातांची वाळू पुसली. "मला काय नाय झालं. मला घरी जायचंय," ती म्हणाली, आणि आनंदांकडे न बघता भगदाडातून निघून गेली.

ठाण्यात तीन तास जबाब झाला. अकरा महिन्यांपूर्वी आला असता तर एवढं वाढलं नसतं, असं फौजदारबाई दोनदा म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. बंदूक जमा झाली. परवाना निलंबित झाला, चौकशी लागली. एजन्सीने दुसऱ्या दिवशी गणवेश परत मागितला. दमयंतीला त्यांनी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी ती वाळू तुळशीला न्हवती," आणि रडायला लागली.

पण कुलूप काही उघडलं नाही. आनंदांना वाटलं होतं, एकदा बोललं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही, नुसता जागा बदलून बसला. आता काडतुसाची भीती नव्हती; आता रोज सकाळी डोळे उघडले की ती बाई हातांची वाळू पुसून, न बघता निघून जात होती.

तीन आठवड्यांनी पथकातल्या माणसाचा फोन आला. परवानगी मिळाली, काडतूस एका जुन्या खदानीत नष्ट केलं, कागदाची प्रत ठाण्यातून घेऊन जा.

"आवाज झाला का हो?" आनंदांनी विचारलं.

"तेवढ्यासाठीच तर लांब नेतो. दारू चांगली कोरडी होती. फक्त टोपी दगा देत होती. केव्हाही पेटलं असतं."

फोन ठेवून आनंदा घरात गेले. चौकशीच्या तारखेला येत राहायचं, पण मुक्काम आता गावाकडे हलवायचा, असं त्यांनी दमयंतीला सांगितलं. ट्रंका बांधल्या. निघायच्या दिवशी पहाटे उठले, घरचा साधा सदरा घातला, आणि रिक्षा न करता कंपनीच्या मागच्या बाजूने चालत गेले. खांदा हलका होता आणि त्या हलकेपणाची त्यांना सवय नव्हती.

मोह पुन्हा फुलला होता. भगदाडाच्या आत नवसी वाकून फुलं वेचत होती. आनंदा भिंतीबाहेरच थांबले.

"नवशे, मी हाय. आनंदा."

ती उभी राहिली. पळाली नाही, जवळही आली नाही.

"आज गावाला चाललो. ते काडतूस फोडलं त्यांनी. जिवंत होतं. त्या दिशी केव्हाबी पेटलं असतं. तुला एवढं सांगायचं होतं... तू पाडाभर माझं चांगलं सांगत फिरलीस आणि मी ऐकून घेतलं. मला माफ कर असं म्हणायला तोंड न्हाय. पण तुला कळायला पायजे होतं."

"मला ठावं होतं," नवसी म्हणाली.

आनंदांना कळेना.

"खट् वाजलं ते मी नाय ऐकलं? वीस पावलांवर होते मी, बाबा. माझा बाप शिकारी होता, ठासणीची बंदूक होती त्याची. खट् म्हंजे काय ते मला लहानपणापासून ठावं हाय."

"मग तू लोकांना का सांगत राह्यलीस की मी..."

"फिरवलीत ना बंदूक? मी खोटं काय बोलले?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तवा रोज वाटायचं, बाबा आज बोलेल. तुमी बोलायला लागले का माझीच छाती धडधडायची, म्हून गप करायचे. मंग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललेत, त मला राग आला. मला एकटीला आधी सांगायचं होतं."

आनंदांनी मान खाली घातली. ते खरं होतं.

फुलं पडत होती. नवसी दोन पावलं पुढे आली आणि तिने दोन बोटं एकमेकांना चिकटवून त्यांच्यासमोर धरली.

"तुमच्या बंदुकीला दोन भोकं होती. सारा वेळ मी त्या दुसऱ्या भोकाकडे बघत होते. एक वाजलं नाय, ते देवाचं. दुसरं तुमी वाजवलं नाय, ते तुमचं."

अकरा महिने त्यांनी एकाच काडतुसाचा विचार केला होता. दुसरंही नळीत होतं, बोट त्याच्या चापावर जाऊ शकलं असतं आणि गेलं नव्हतं, हे त्यांना आज, घरच्या सदऱ्यात, रिकाम्या हातांनी भिंतीबाहेर उभं असताना कळत होतं. ते लहान पोरासारखे रडले, आणि तिने त्यांना रडू दिलं.

"या आत," थोड्या वेळाने ती म्हणाली. "उन्हं चढली का फुलं सुकतात. वाकता येत असलं त तेवढी ती बाजू वेचा."